बिनगव्हाचा पाव

मोबाइलवर नीलाचं नाव दिसलं की हॅलोच्या आधी मी विचारायची, "काय खाल्लंस?" ती परगावी असली तर हमखास. लोक तब्येत विचारतात, हवापाणी विचारतात, आमच्यात हे. त्या मंगळवारी सकाळीही नाव तिचंच दिसलं आणि मी तेच विचारलं. पलीकडून तिच्या नवऱ्याचा, भाऊजींचा आवाज आला, "वहिनी, मी प्रकाश बोलतोय." पुढचं त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं. दोघं नाशिकला नीलाच्या भाचीच्या लग्नाला गेले होते. लग्न नीट पार पडलं, हिनं घरून नेलेल्या डब्यातलं खाल्लं, सगळ्यांशी गप्पा मारून झोपली आणि सकाळी उठलीच नाही. हृदय बंद पडलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. छप्पन्न वर्षांची होती. मी फोन ठेवला, गॅसवरचं दूध उतरवलं, ह्यांना सांगितलं आणि समोरच्या तिच्या फ्लॅटची किल्ली शोधायला लागले. रडूबिडू आलं नाही. मी रडणाऱ्यातली नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे.

नीला माझी धाकटी जाऊ. नवीन पनवेलमध्ये दोघा भावांनी मुद्दाम एकाच मजल्यावर समोरासमोरचे फ्लॅट घेतले, त्यामुळं वीस-बावीस वर्षं तिच्या दाराची कडी वाजली की मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. ती शाळेत गणित शिकवायची, मी एका सरकारी कचेरीत होते. तिला जाऊन आता दीड महिना झाला. दिवसकार्य आटोपल्यावर मी आमच्या डॉक्टरांकडं गेले आणि विचारलं, "तिच्या गव्हाच्या दुखण्याचा आणि हृदयाचा काही संबंध?" ते म्हणाले, "नाही हो, मुळीच नाही." मी पुन्हा विचारलं. ते जरा वैतागलेच. मी इतकं खोदून का विचारतेय, ते मी त्यांना सांगितलं नाही. इथं सांगायचं ठरवलंय.

लग्न होऊन आली तेव्हापासून नीलाचं पोट हा आमच्या घरातला कायमचा विषय. आज दुखतंय, आज फुगलंय, आज चारदा जाऊन आले. अंगावर मांस म्हणून नाही, रक्त कमी, केस गळतायत, जिना चढली की धाप. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात... त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, "हिच्या अंगाला काही लागतच नाही." मी त्याहून वाईट बोलायची. ‘नाजूक साजूक’ म्हणायची तिला, तोंडावर. दोन्ही घरच्या पोळ्या बऱ्याचदा मीच लाटायची, कारण ही शाळेतून आली की आडवी. आणि तिला बरं वाटावं म्हणून मी काय द्यायची? गरम पोळी, दुधात कुस्करून, वर साजूक तूप. वर्षानुवर्षं. ती बिचारी मुकाट्यानं संपवायची आणि म्हणायची, "वहिनी, तुमच्या हातची पोळी म्हणजे..." आणि तासाभरानं पुन्हा पोट धरून बसायची.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास ती वर्गात चक्कर येऊन पडली. या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडं करत शेवटी मुंबईला एका पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासायला काढला आणि निदान झालं, सीलिॲक. म्हणजे गहू चालत नाही. पोळी नाही, पाव नाही, बिस्किट नाही, रव्याचा शिरा नाही, शेवया नाहीत. आणि हे पंधरा दिवसांचं पथ्य नाही, जन्मभराचं. भाऊजी सांगत होते आणि मी हसले. खरंच हसले. "गव्हानं कोणी आजारी पडतं होय? अख्खा देश पोळ्या खातोय!" नीलाचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. तिच्या हातात डॉक्टरांनी दिलेला कागद होता, तो ती पुन्हा पुन्हा वाचत होती. चाळिशी ओलांडल्यावर कोणीतरी पहिल्यांदा तिला सांगितलं होतं की तू नाटकं करत नव्हतीस. तेव्हा मला हे सुचलं नाही. आज लिहिताना सुचतंय.

त्या काळी पनवेलमध्ये ग्लूटेन फ्री हा शब्द दुकानदारालाच काय, केमिस्टलाही ठाऊक नव्हता. शाळेतल्या कोणाचा तरी भाऊ परदेशातून यायचा, त्यानं एकदा एक पाकीट आणून दिलं. आत ब्रेडच्या चार स्लाइस. पुठ्ठा भिजवून वाळवला तर असाच लागेल. नीलानं दोन खाल्ल्या आणि दोन माझ्यासाठी ठेवल्या, "वहिनी, तुम्हीही बघा माझं काय होणार आहे ते." तिच्यात हा एक चहाटळपणा होता, कितीही आजारी असली तरी. तिला खरं मार्गी लावलं ते मंदाताईनं. गव्हाण गावची कोळीण, आठवड्यातून तीनदा आमच्या दारात मासळी घेऊन यायची. नीलाचं रडगाणं ऐकून तिनं पाटी खाली ठेवली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अगो बाय, येवऱ्याचं काय घेऊन बसलीस? आमच्याकं गहू खातंय कोन? चपाती पावन्यांना. आमी सगली तांदलाच्या भाकरीवर वाढलो." आणि हात धुऊन सरळ स्वयंपाकघरात शिरली. "पानी खलखलून उकलू दे, मंग पीठ टाक. उकड नाय काढलीस तं भाकर फुटल, मंग माज्या नावानं बोंब मारू नको." नीलाच्या पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, दुसरीचा दुसरा देश. पण महिन्याभरात ती पातळ, पांढरीशुभ्र, पदर सुटलेली भाकरी थापायला लागली. भाकरी, घावन, नाचणीचं सत्त्व, ज्वारीची उकडपेंडी. आणि ती भरायला लागली. गालांवर रंग आला. जिना चढून आल्यावर दारात उभी राहून माझ्याशी बोलायला लागली, धाप न लागता.

आता मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्याबरोबर दुसरंही काही होत होतं, ते लपवत नाही. गव्हाचा कणही चालत नाही म्हणून नीलाचं वेगळं सुरू झालं. वेगळा तवा, वेगळी परात, वेगळा पोळपाट, डब्यांवर लाल दोरे. मी कणीक मळत असताना ती माझ्या स्वयंपाकघरात आली तर दारातच थांबायची. मी हात लावलेल्या पिठाच्या डब्याला ती नंतर फडकं मारायची, मी बघतेय हे न बघता. एकदा आमच्याकडं माझ्या माहेरची माणसं जेवायला होती, तिच्यासाठी मी खास भात, फोडणीचं वरण, भाजी केली होती. मी तिच्यापुढं ताट ठेवलं. तिनं ते उचललं, बेसिनशी गेली आणि साबणानं धुऊन आणलं. सगळ्यांसमोर. माझ्या आईनं माझ्याकडं बघितलं... आमच्याकडं दिलेलं ताट कोणी धुऊन घेत नाही हो. धुऊन घेतलं म्हणजे यजमानिणीचं घर अस्वच्छ, नाहीतर तिचा हात. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. वीस वर्षं हिचं केलं, ते हिनं नळाखाली धरलं, असं मला वाटलं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांची गोष्ट. दहावीचे पेपर तपासायला आले होते, त्यात नीलाला ताप. भाऊजी कामानिमित्त बाहेरगावी. तिनं तिच्या पिठाचा डबा माझ्याकडं दिला, तवा दिला आणि म्हणाली, "वहिनी, चार दिवस माझ्या दोन भाकऱ्या थापाल का? हात धुऊन तेवढ्या." ते ‘हात धुऊन’ मला पुन्हा झोंबलं. मला तांदळाची भाकरी कधीच नीट जमली नाही. उकड काढली, मळली, थापायला घेतली की कडा फुटायच्या. दोन भाकऱ्या मोडल्या. तेव्हा मी माझ्या डब्यातली अर्धी मूठ कणीक त्यात टाकली. भाकरी लगेच जुळून आली. फुटत होती म्हणून घातली, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खोटं होतं. मला बघायचं होतं. खरंच काही होतं की हा सगळा मनाचा खेळ आहे, ते मला एकदाचं बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला मुद्दाम विचारलं, "बरी आहेस ना?" म्हणाली, "ताप उतरला. भाकरी मऊ झाली होती हो तुमची!" मी मनातल्या मनात म्हटलं, बघ. त्याही दिवशी पुन्हा घातली. तिसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या संध्याकाळी तिला सुरू झालं. आधी उलट्या, मग पोट, मग उभं राहवेना. मी पाठ चोळत होते, साखरमिठाचं पाणी पाजत होते, बादल्या उचलत होते आणि कणकेचं मात्र सांगत नव्हते. तिला सलाइन लावावं लागलं. महिनाभर शाळा बुडाली. गालांवर आलेला रंग आठ दिवसांत उतरला. भाऊजी परत आले, त्यांनी विचारलं, "काही वेगळं खाल्लं का?" आणि मी म्हटलं, "नाही बाई, मीच तर करून देत होते." हे वाक्य मी बोललेय. दुसरं कोणी नाही.

बरी व्हायला लागल्यावर नीलानं शोध सुरू केला. गणिताची बाई ती, उत्तर चुकलं की पायरी शोधायची. पहिला संशय गिरणीवर. आमच्याकडं दळण टाकताना विचारतातच, कशावर टाकू? तांदूळ तांदळावर, गहू गव्हावर, नाहीतर आधीच्या दळणाची राहिलेली मूठभर आपल्यात येते. नीला तर तांदूळ घेऊन सकाळी सगळ्यात आधी जाऊन बसायची. भाऊजी आणि ती गिरणीत गेले, मीही गेले, न जाऊन सांगणार काय! भाऊजी एरवी मोजून चार शब्द बोलणारे, पण त्या दिवशी त्यांनी गिरणीवाल्याला दहा माणसांत असं झाडलं की तो रडवेला झाला. "मॅडमचं दळण मी जातं पुसून टाकतो हो साहेब, पोराची शपथ," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी पिशवी हातात घेऊन शेजारी उभी. मग नीलानं घरघंटी घेतली. मग मसाल्यांचे डबे काढले आणि भिंगातून पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचायला लागली. हिंगाच्या डबीवर तिला सापडलं, गव्हाचं पीठ. बाजारच्या हिंगात मिसळलेलं असतं, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. भाऊजींनी सुटकेचा श्वास टाकला, "सापडलं!" मीही टाकला. पण नीला म्हणाली, "हिंग तर मी आधीपासून खातेय. थोडं थोडं पोट त्यानंच बिघडत असेल. पण हा दणका हिंगाचा नाही." आणि ती पुढं शोधत राहिली.

एका दुपारी मी तिच्याकडं गेले तर ती वहीत रकाने आखून बसली होती. त्या आठवड्यात पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट, तारीखवार. भाकरीभोवती लाल गोल. म्हणाली, "वहिनी, मला वाटतं तांदूळही सोसत नाही आता. पाच दिवस झाले, बंद केलाय." मग काय खातेस म्हटलं, तर केळी आणि राजगिऱ्याचे लाडू. तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. गहू गेला होता, आता तांदूळ, म्हणजे मंदाताईनं शिकवलेलं सगळं, भात, भाकरी, घावन... ती स्वतःच्या हातानं स्वतःचं ताट पुसून टाकत होती आणि कशामुळं, ते मला एकटीला माहीत होतं. मी बसले. म्हटलं, "नीला, तांदळाचा दोष नाही. भाकरीत मी कणीक घातली होती."

तिनं वहीतून मान वर केली नाही. "किती?"

"अर्धी मूठ."

"रोज?"

"तीन दिवस."

तिनं ते लिहून घेतलं. खरंच, त्या रकान्यात लिहून घेतलं. मग पेन बंद केलं आणि म्हणाली, "म्हणजे तांदूळ चालतो." तिचा चेहरा सुटल्यासारखा झाला. उठली, कुकर लावला आणि माझ्यासमोर मऊ भात, तूप, मीठ घेऊन जेवायला बसली. मी माफी मागितली, का केलं तेही सांगितलं, ताट धुतल्याचं सांगितलं. ती ऐकत होती, जेवत होती. शेवटी म्हणाली, "ताटाचं मला कळायला हवं होतं. पण वहिनी, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." बस्स. आरडाओरडा नाही, अबोला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला किती दिवस वाटत राहिलं.

पण त्या दिवसापासून तिनं माझ्याकडं खायचं बंद केलं. यायची, बसायची, भाजी निवडायची, माझ्या मुलांच्या फोनवर हसायची. चहा नको. पाणीही नको, बाटली स्वतःची. लोकांना सांगायची, "वहिनींकडं कणकेचं पीठ उडतं ना हवेत, मला तेवढंही चालत नाही." ते खरंही होतं, त्यामुळं कोणाला काही वाटलं नाही. मी आमटी पाठवली तर ती भाऊजींच्या पानात जायची. वाटी मात्र कधी रिकामी परत आली नाही; घासूनपुसून, आत नाचणीचा लाडू, नाहीतर खोबऱ्याची वडी. ती मला खायला घालत राहिली. भाऊजी जिन्यात भेटले की मान हलवून पुढं जायचे आणि मला वाटायचं, यांना सगळं ठाऊक आहे, सभ्य माणूस म्हणून बोलत नाहीत. त्यांच्या डोळ्याला डोळा देणं मी सोडूनच दिलं. असं जवळजवळ दोन वर्षं.

मग पावाची गोष्ट. एकदा ती सकाळी पनवेलच्या जुन्या बाजारातून आली आणि सहज म्हणाली, "बेकरीसमोर दहा मिनिटं उभी राहून आले. गरम पाव निघत होते. पोळीचं काही नाही हो, पण चहात बुडवलेला पाव..." तिच्या माहेरी रोज सकाळी पाव-चहा असायचा. त्या आठवड्यात मी माझ्या घरातला गहू संपवला. कणीक, रवा, मैदा, शेवया, सगळं देऊन टाकलं, फडताळं धुतली, लाटणी-पोळपाट माळ्यावर. आमचे हे महिनाभर कुरकुरले, "बायकोच्या राज्यात पोळीला मोताद झालो," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, मग ज्वारीच्या भाकरीवर रुळले. मी एक छोटा ओव्हन आणला. मुलानं इंटरनेटवरून पाककृती छापून पाठवल्या, त्यातल्या निम्म्या वस्तू पनवेलला मिळायच्या नाहीत. मी मिळेल ते घेतलं, तांदळाचं पीठ, ज्वारीचं पीठ, साबुदाण्याचं पीठ, यीस्ट आणि चिकटपणाला इसबगोल. केमिस्ट म्हणाला, "आजी, दोन डबे? एवढा त्रास आहे?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय!" त्याला वाटलं असेल म्हातारीचं पोट साफ होत नाही.

पहिला पाव दगड. दुसरा ओव्हनमध्ये चांगला फुगला आणि बाहेर काढल्याबरोबर बसला. तिसरा वरून खापर, आतून खळ. मी कणकेसारखा मळत होते, तिथंच चूक होती, हे कळायलाच दोन महिने गेले. दर रविवारी मी एक तुकडा बशीत घालून तिच्या घरी नेऊन ठेवायची. खायचा आग्रह नाही, तेवढी अक्कल आली होती. ती बोटानं दाबायची, वास घ्यायची, सुरीनं कापून आत बघायची आणि कागदावर लाल पेनानं शेरा लिहून बशीबरोबर परत पाठवायची. ‘उंची बरी. मध्ये ओला. दहापैकी तीन.’ ‘ही वीट आहे. कंपाउंडच्या भिंतीला वापरा. एक.’ ‘वास पावाचा आला! चार.’ न चाखता मार्क देणारी परीक्षक मी पहिल्यांदाच बघत होते. पण तिनं एकही रविवार तपासल्याशिवाय सोडला नाही आणि मीही सोडला नाही. आमच्या दोघींचं त्या काळातलं खरं बोलणं त्या कागदांवरच व्हायचं.

गाडी पाचावर अडली. पाव कापला की भुगा व्हायचा. एक दिवस मंदाताई बोंबील घेऊन आली, मी चिडून तो भुगा झाडत होते. तिला सांगितलं तर म्हणाली, "तुला किती वेला सांगायचं? तांदलाला आदी उकड लागतं. कच्चं पीठ कवा जुलून येत नाय. भाकरीला नाय येत, तं तुज्या पावाला कसं येल?" मी म्हटलं, मंदाताई, पाव वेगळा. ती म्हणाली, "तांदूल त्योच हाय ना?" आणि पाटी उचलून गेली. त्या रविवारी मी थोड्या पिठाची उकड काढली, गार केली, ती कुस्करून बाकीच्या पिठात घातली, इडलीच्या पिठाएवढं सैल केलं आणि न मळता भांड्यात ओतलं. पाव वर आला आणि वरच राहिला. कापला तर कापला गेला, जाळी पडलेली. मी बशी घेऊन गेले नाही, जीव धजेना. नीलाच आली. वास तिच्या घरापर्यंत गेला होता.

ती आत आली आणि तिनं माझी फडताळं उघडली. एकेक डबा उघडून बघितला, हुंगला. ओट्यावरून, कुकरच्या मागून बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं. मसाल्याचा डबा, हिंगाची डबी. खडा हिंग होता, पीठ न मिसळलेला. माझा स्वभाव तुम्हाला आतापर्यंत कळला असेल, पण मी भिंतीला पाठ लावून गप्प उभी होते. मग तिनं एक बशी घेतली, बेसिनशी गेली आणि धुतली. मी साबण पुढं केला. तिनं चहा करायला सांगितला, पावाचा मोठा तुकडा मोडला, चहात बुडवला, तो विरघळून पडायच्या आत तोंडात घातला आणि डोळे मिटून बराच वेळ चघळत राहिली. "मीठ कमी आहे," म्हणाली. "सात." मी तोंड फिरवून ओव्हन पुसायला लागले. मी रडणाऱ्यातली नाही असं वर लिहिलंय, तेव्हा त्या दिवसाचं काही लिहीत नाही.

नंतरची वर्षं चांगली गेली. रविवारचा पाव कायमचा झाला. करंजाड्याची एक आई हेच दुखणं असलेल्या तिच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली, खारघरहून एक निवृत्त गृहस्थ यायचे. नीला त्यांना शिकवायची, उकड मी काढायची. पुढं दुकानांतून ग्लूटेन फ्रीची पाकिटं आली, मॉलमध्ये अख्खं फडताळ आलं. नीला भिंग घेऊन त्यांची अक्षरं वाचायची, एखादं घेऊन यायची, एक तुकडा खायची आणि म्हणायची, "सहा. आपला बरा." पण आमच्या पावाला तिनं शेवटपर्यंत नवाच्या वर मार्क दिले नाहीत. झाल्या गोष्टीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. तिनं मला माफ केलं की फक्त माझं घर तपासून पास केलं, ते मला कळलं नव्हतं. विचारायचं राहून गेलं... खरं तर राहून गेलं नाही, मी विचारलं नाही.

ती गेल्यावर दहाव्या दिवशी सकाळी मी ओट्याशी होते. गाढी नदीच्या काठावर पिंड ठेवायचे, पानात तिच्या आवडीचं वाढायचं. भात, वरण, अळूची भाजी, ओल्या खोबऱ्याची वडी झाली होती, पाव पहाटेच भाजला होता. भाऊजी आत आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, गरम. बेकरीचा पाव. म्हणाले, "वहिनी, हाही ठेवायचा."

मी म्हटलं, "नको."

"इतकी वर्षं तिनं नुसता वास घेतला. आता काय होणार आहे तिला? आज खाऊ दे."

नाशिकहून आलेली तिची भावजय दारात होती, तीही म्हणाली, "बरोबर आहे, आत्म्याला काय पथ्य!" मी पुन्हा म्हटलं, नको. भाऊजींचा आवाज चढला. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा चढला. "वहिनी, माझी बायको होती ती."

"भाऊजी, मी का नको म्हणते ते तुम्हाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे मला?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांना खरोखरच काही ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं मी ज्या माणसाच्या नजरेला नजर दिली नाही, त्याला काही माहीतच नव्हतं. तेव्हा गप्प बसता आलं असतं. पाव पानात ठेवला असता, कोणाला काही कळलं नसतं. मी गॅस बंद केला आणि सांगितलं. भाकरी, अर्धी मूठ, तीन दिवस, आणि ‘नाही बाई, मीच तर करून देत होते,’ हे सुद्धा. "एकदा तिच्या पानात माझ्या हातून गहू गेलाय. मेली तरी आता जाणार नाही."

ते खुर्चीवर बसले. भावजय कधी बाहेर गेली मला कळलं नाही. भाऊजी म्हणाले, "गिरणीवाल्याला मी किती बोललो होतो..." मग म्हणाले, "मी तिला नंतर दोन-तीनदा विचारलं होतं, तेव्हा नक्की कशानं झालं म्हणून. हिंगानं, म्हणायची. शेवटपर्यंत हिंगच म्हणाली."

हिंगानं झालं नाही, हे तिनंच शोधून काढलं होतं.

भाऊजींनी बेकरीचा पाव पुन्हा वर्तमानपत्रात नीट गुंडाळला आणि खिडकीत ठेवला. उठले, केळीचं पान माझ्यापुढं सरकवलं. दारात गुरुजी घाई करत होते, पान भरलं का म्हणून विचारत होते. मी माझा पाव कापला, सुरी खाली ठेवली आणि म्हटलं, तुम्हीच ठेवा.

"नाही," ते म्हणाले, "तुम्हीच वाढा. तुमच्या हातचं खायची ती."